पहिल्या रांगेतला हात

झेरोमने आपला उजवा हात ओमेरच्या डाव्या कोपरात खुपसला आणि दोन्ही पंजे पोटाशी घट्ट गुंफून घेतले.

"नीट धरा हं, सासरेबुवा."

ओमेरने मान वळवली नाही. फुलाफुलांचा झगा, वर बायकी केसाळ कोट, मिशीखाली लाल लिपस्टिक. डंकर्कच्या कार्निव्हलात तो तरुणपणापासून याच सोंगात पहिल्या रांगेत उभा राहत आला होता. झेरोमच्या डोक्यावर पिवळ्या केसांचा टोप होता आणि गालांवर रंगाचे दोन गोल. पण ओमेरला नुसत्या हातांवरून त्याची ओळख पटत होती. गेल्या हिवाळ्यात याच मुठीने एलीझचा, ओमेरच्या मुलीचा, जबडा मोडला होता. दात तारांनी बांधलेले असताना पोर नळीने सूप ओढायची आणि ओमेर भिंतीकडे तोंड करून जेवायचा.

झेरोम तुरुंगातून सुटून आला आणि नेमकी पहिल्या रांगेतली एक जागा रिकामी झाली. बँडचा म्होरक्या दारूच्या गुत्त्यात सगळ्यांसमोर ओमेरला म्हणाला होता, "पोरगा दणकट आहे, पण तुझी हरकत असेल तर नको."

"येऊ दे की," ओमेर म्हणाला होता. "माझ्याच शेजारी उभा कर त्याला."

मग कुणीतरी ओमेरच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच्यासमोर बिअर ठेवली. माणूस मोठ्या मनाचा, असं त्या दिवसापासून गल्लीत बोललं जाऊ लागलं. ओमेरने कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

समोर पिवळ्या रेनकोटातला बँड चालत होता, मागे हजारोंची गर्दी. बँड थांबून ती ठरावीक धून वाजली की मागचे सगळे जीव खाऊन पुढे रेटा देत, आणि पहिल्या रांगेने हातात हात अडकवून, मागे रेलून तो रेटा झेलायचा. पहिली रांग फुटली तर बँड चिरडला जाई. म्हणून तिथे नियम एकच होता. हात सोडायचा नाही. सोडणाऱ्याला रांगेत पुन्हा जागा नाही. मात्र एखाद्याचा हात घामाने निसटला, तर ते कुणाला कळणार?

"आज झिंगे टाकणार का रे मेयर?" झेरोमच्या पलीकडे उभा असलेला आशिल ओरडला. ओमेर आणि तो गोदीत क्रेनवर एकत्र काम करायचे.

"तुझ्या टाळक्यात टाकेल!" मागून कुणीतरी उत्तर दिलं आणि सगळे खिदळले. नगरभवनाच्या सज्जातून मेयर हेरिंग मासे फेकायचा आणि गर्दी दरवर्षी झिंग्यांसाठी बोंब मारायची.

बोळ अरुंद होत गेला. बँड थांबला. शिट्टी झाली, ढोल घुमले आणि मागून लाट आली.

ओमेरने टाचा रोवल्या. पाठीवर कुणाचं तरी डोकं, बरगड्यांत कुणाचे तरी गुडघे. हवा अंगातून पिळून निघाली. पहिला रेटा त्यांनी झेलला. दुसऱ्याला ओमेरने पोटाशी गुंफलेली बोटं हळूच सुटी केली. आता फक्त कोपर सैल सोडायचा होता.

तेवढ्यात आशिलने आपला हात काढून घेतला.

तो निसटला नव्हता. ओमेरने ते स्पष्ट पाहिलं. आशिलने कोपर सरळ केला, हात खाली ओढला आणि तो नजर समोर ठेवून बाजूला सरकला. झेरोमच्या मागचे दोघेही त्याच वेळी आपटणाऱ्या दारासारखे पुढे आले. झेरोम तोंडावर पडला. बुटांखाली काहीतरी कडकन मोडलं. टोप उडाला आणि कातरलेल्या केसांचं ते डोकं पायांमध्ये दिसेनासं झालं.

त्याचा सगळा भार आता ओमेरच्या एका हाताला लटकत होता.

"बाबा!" खालून तो ओरडला. सासरेबुवा नाही. लग्नानंतर सुरुवातीला म्हणायचा, तसं.

ओमेरने मूठ आवळली. खांद्यातून कळ कानापर्यंत गेली, हाड खोबणीतून सरकल्याचं त्याला जाणवलं, तरी त्याने ओढलं. गुरासारखा हंबरत ओढत राहिला. शेवटी म्होरक्याने हात वर केले, बँड मुका झाला, आणि लोकांनी रक्ताने माखलेल्या झेरोमला फरशीवरून उचललं.

शाळेच्या व्यायामशाळेत जखमींसाठी खाटा टाकल्या होत्या. एका नर्सने ओमेरचा खांदा जागेवर बसवला, तेव्हा त्याच्या लिपस्टिकमधून दातांखाली चावलेल्या ओठाचं रक्त वाहिलं. आशिल आणि रांगेतले आणखी काही जण दाराशी घोटाळत होते. पडद्याआड झेरोम कण्हत होता. बरगड्या गेल्या होत्या, मनगट गेलं होतं, पण जीव शाबूत होता.

एलीझ आत आली. खाटेपाशी येऊन उभी राहिली, बसली नाही.

"मी आशिलकाकांना सांगितलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. बोलताना तिच्या तोंडाची एक बाजू अजूनही नीट उघडत नव्हती. "मागच्या दोघांनाही."

ओमेर तिच्याकडे बघत राहिला.

"मला नाही सांगितलंस."

"तुला काय सांगायचं? तूच त्याला शेजारी उभं केलंस. सगळ्यांसमोर." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "आता लोक म्हणतील, बापाने माफ केलं, हिला कसला एवढा राग? उद्या तो माझ्या दाराशी येईल, बाबा, आणि शेजारीच त्याला वर यायचा जिना दाखवतील."

गुत्त्यात ओमेरच्या मनात काय होतं, ते आता सांगितलं तरी ती विश्वास ठेवणार नव्हती. त्याच्या आवळलेल्या मुठीनेच त्याला खोटं पाडलं होतं.

नर्स पडद्याआडून आली. चेहरा उजळलेला.

"तुमचा जावई रडतोय हो. म्हणतो, त्यांनी हात सोडला नाही म्हणून वाचलो. तुम्हाला भेटायचंय त्याला."

दाराशी उभे असलेले सगळे ओमेरकडे बघू लागले. आशिलने मान खाली घातली.

ओमेर चांगल्या हाताच्या आधाराने उठून बसला.

"त्याला सांगा," तो मोठ्याने म्हणाला, क्रेनवरून हाक मारावी तसा, "मी हात सोडला होता. कोटाच्या बाहीत अडकला, म्हणून राहिला. हे सगळ्यांनी ऐका. पहिल्या रांगेत मी हात सोडला."

म्होरक्या दाराबाहेर उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, आणि ओमेरकडे न बघता निघून गेला.

एलीझने एक खुर्ची ओढली आणि पडद्याकडे पाठ करून बापाच्या शेजारी बसली.