अडीच किलो

मित्रांनो, मी एक म्हातारा ताणकाटा. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझ्या भावंडांचं चित्र असतं. वर कडी, खाली आकडा, मधे गोल पितळी तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग. आकड्याला वस्तू टांगली की स्प्रिंग ताणली जाते आणि तबकडीवरची सुई फिरते. एवढंच काय ते माझं शिक्षण, पण त्याचा मला केवढा ताठा! सगळं जग खोटं बोलेल, मी बोलणार नाही, असं मला वाटायचं. आता ही हकिगत सांगताना मान खाली जाते.

माझी उमेदीची वर्षं एका पार्सल कचेरीत गेली. तिथला कारकून किडकिडीत, अबोल आणि कामाला चोख. रोज सकाळी कचेरी उघडली की तो आधी मला रिकामा ठेवून सुई शून्यावर आहे का ते बघायचा. केसभर जरी हलली असेल, तरी मागचा स्क्रू पिळून तिला जागेवर आणायचा. मगच पहिलं पार्सल. पुढे पुढे त्याचा हातच काटा झाला. पार्सल उचलून तो पुटपुटायचा, "साडेतीन." मग ते माझ्या आकड्याला टांगायचा आणि मी मुकाट्याने साडेतीन दाखवायचो. एकतीस वर्षांत आमचं एकमेकांशी कधी वाकडं आलं नाही.

मग कचेरीत विजेवरचे काटे आले आणि माझी रवानगी भंगारात व्हायची वेळ आली. कारकुनाने साहेबांची परवानगी काढली, मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी नेलं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याने मला टांगलं. त्याची बायको माझ्याकडे बघून म्हणाली, भंगार घरात आणायची तुम्हाला हौसच फार. पण आठवड्याभरात सगळ्यात जास्त तीच मला वापरू लागली. नवऱ्याला ती लाडाने 'मापारी' म्हणायची.

ती वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायची. तिथल्याच एका जुन्या मासिकात तिला एका घळईचा फोटो सापडला. उंच पठार, इतकं उंच की चार पावलांत दम लागावा. आणि त्या पठाराला मधोमध चीर पडलेली, तळाशी दोऱ्याएवढी नदी. निवृत्त झालो की इथे चालत जायचं, असं तिने ठरवून टाकलं. मापारी नुसता हसला. पण दुसऱ्या दिवशी बसच्या वेळापत्रकांची चौकशी त्यानेच केली.

काय सांगू मित्रांनो, त्या बेतात किती वर्षं आनंदात गेली! भिंतीवर तिच्या हस्ताक्षरातला अकरा दिवसांचा कागद लागला. दोन दिवस प्रवास. दोन दिवस कडेच्या वस्तीत नुसतं बसायचं, विरळ हवेची सवय व्हायला. पाचव्या दिवशी उतरण. सहाव्या दिवशी नदीकाठी, आणि नदी ओलांडायची ती सकाळीच, कारण दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं. सातव्या आणि आठव्या दिवशी चढण, मग वस्तीत एक दिवस आराम आणि परतीचे दोन. "डोंगरावर आधी सजा, मग मजा," ती म्हणायची, "इथे सगळं उलटं. दमलेल्या पायांनी चढायचंय, म्हणून बॅग हलकी हवी."

म्हणून प्रत्येक वस्तू माझ्यावर तोलली जाई. मोजे, दोरी, औषधं, पातेलं, सगळं. त्याने चोरून ठेवलेला दाढीचा डबा तिने माझ्या आकड्यावरून परत कपाटात धाडला. शेवटी दोघांचं मिळून अठरा किलो भरलं, नऊ याच्या पाठीवर, नऊ तिच्या. त्या दिवशी दोघांनी माझ्याकडे असं कौतुकाने पाहिलं की माझी कळी खुलली.

निघायला आठ दिवस असताना ती आजारी पडली. दवाखान्यात नेली, ती परत आली नाही.

तिची बॅग तिच्या बहिणीने येऊन रिकामी केली. मापाऱ्याची बॅग मात्र भरलेली, माझ्या आकड्याला तशीच राहिली. तिला हात लावायला त्याचं मन धजेना. दिवस गेले, महिने गेले. एकतीस वर्षं ज्याने संध्याकाळी मला कधी भारासकट सोडलं नाही, त्याच्या लक्षातही आलं नाही की मी तीन वर्षं तोच भार धरून उभा आहे. घरात बोलणारं कुणी नव्हतं. तो सकाळी चहा करायचा, एक कप घ्यायचा, खिडकीशी बसायचा. मी त्याच्याकडे बघायचो आणि तो भिंतीवरच्या कागदाकडे.

यंदा उन्हं तापायला लागली तशी त्याने अचानक बॅग खाली घेतली आणि टेबलावर पसरली. माझा आनंद गगनात मावेना! पण मित्रांनो, एकट्याचं ओझं दोघांच्या निम्मं होत नाही. तंबू एकच लागतो, पण तो अर्धा करता येत नाही. स्टोव्हही नाही, दोरीही नाही. जे दोघांत वाटलं होतं ते सगळं आता याच्या एकट्याच्या पाठीवर. डॉक्टरांनी गुडघे तपासून बजावलं होतं की दहा किलोच्या वर एक चमचाही नको. भरलेली बॅग त्याने टांगली. मी साडेचौदा सांगितलं.

मग रोज तेच. जाड स्वेटर गेला, दुसरी ताटली गेली, तंबूच्या जागी नुसतं ताडपत्रीचं कापड आलं. मी बारावर येऊन थांबलो. काढण्यासारखं काही उरलंच नाही. तो म्हणाला, संपलं, आणि खुर्चीत बसला. माझं काळीज तुटलं, पण खरं ते सांगायला हवं ना, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खालच्या मजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. बॅगेचे पट्टे त्यांनीच नव्याने शिवून दिले होते, आणि तो गेल्यावर झाडांना पाणीही त्याच घालणार होत्या. जाणं रद्द झाल्याचं कळताच त्या वर आल्या. मापाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. बारा किलो, आता हाच नाही म्हणतोय तर काय करणार. बाईंनी आपली शिवण बघायला बॅग आकड्यावरून काढून हातात घेतली आणि वर पाहिलं.

"भाऊ, बॅग माझ्या हातात आहे. मग हा अडीच किलो कशाचे दाखवतोय?"

मित्रांनो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझी तबकडी मला कशी दिसणार? तीन वर्षं भार धरून माझी स्प्रिंग सैल पडली होती. रिकामा असताना मी अडीच सांगत होतो, आणि वर खरेपणाचा टेंभा मिरवत होतो. मला वाटलं, आता मापारी चिडेल, मला काढून फेकेल.

तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बॅग हातात घेतली तेव्हाच. आता खरी साडेनऊ भरते." तो मग खाली बघत म्हणाला, "एकट्याने जायचा धीर होत नाही, ताई. ती सोबत नाही, हे इथे घरात कसंबसं सोसतो. तिथे नदीकाठी बसून सोसायचं म्हणजे... काट्याने नाही म्हटलं की बरं वाटायचं."

बाईंनी उपदेश केला नाही. बॅग त्याच्या मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "झाडांना पाणी किती घालायचं ते लिहून ठेवा."

पुढच्या सोमवारी सकाळी तो निघाला. जाण्याआधी स्टुलावर चढून त्याने माझा स्क्रू पिळून पाहिला, पण सुई काही मागे आली नाही. त्याने तबकडी धोतराच्या जुन्या फडक्याने पुसली, घटकाभर तिच्यावर तळवा ठेवला, आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, स्प्रिंगच्या काट्यावर भार टांगून विसरू नका. तोललं की उतरवा. आणि तुमच्या घरात कुणी एकटं माणूस असेल, ते आज नको, उद्या बघू, गुडघे दुखतात, असं म्हणत असेल, तर त्याच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. त्या शिंपीणबाईंसारखं ओझं एकदा आपल्या हातात घेऊन बघा.

आज सातवा दिवस आहे. बाई मघाशी येऊन झाडांना पाणी घालून गेल्या. कागदाप्रमाणे तो आज चढायला लागला असेल. तो परत आल्यावर माझ्यावर काही तोलेल, अशी माझी आशा नाही, आणि तोलू नयेच. त्याने फक्त दार उघडून आत यावं.