शेवटचं प्रकरण, मजला तेरा ते एक

१८
मी बाहेर, माणसं आत, मध्ये काच. इमारतीच्या या अंगाला मजल्यागणिक एकच घर, आणि घराला सहा खिडक्या. रोज एक रांग पुसायची, वरून खाली, दोराला लटकून. गच्चीवर मेहुणा दोर सोडतो. आज सहावी रांग. उद्या दुसरी इमारत.

"दाजी, आज माश्यांचं कळायलाच हवं," वॉकीटॉकीत तो.

"तू हळू सोड."

१७
पाच दिवसांत कोण काय वाचतं ते पाठ झालंय. इथल्या वकीलबाई भुताच्या गोष्टी वाचतात, पाय वर घेऊन. खाली सोडायची हिंमत नसावी.

१६
एक पैलवान. पुस्तक: बाळाला कसं झोपवावं. बाळ टक्क जागं. पैलवान घोरतोय.

१५
पडदा. याच्यामागे काय वाचतात, देव जाणे.

१४
इथले आजोबा. पहिल्या दिवशी ते खिडकीशी वाचत होते आणि मी फेस पुसता पुसता त्यांच्या पुस्तकात घुसलो. एक बाई बर्फातल्या घाटातून एकटी निघालीये. पाठीवर लाकडी पेटी, पेटीत मधमाश्यांचं पोळं. पलीकडच्या गावात एकही माशी उरलेली नाही, म्हणून. त्यांना दिसलं. रागावले नाहीत. पुस्तक माझ्याकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची दुसऱ्या खिडकीत. असे पाच दिवस, पाच खिडक्या. मी वाचायचो, वर मेहुण्याला सांगायचो.

मी जन्मात एक पुस्तक पुरं केलेलं नाही. शाळा सुटली तेव्हा धडा अर्धा होता. आणि या पुस्तकाला कव्हरच नाही, नाव कळायची सोय नाही. घरांच्या बेल वाजवायला आम्हाला मनाई. काल मी एक बोट दाखवलं: एकच खिडकी राहिली. त्यांनी उरलेली पानं चिमटीत धरून दाखवली. बरीच होती.

आज खुर्ची रिकामी.

"काय झालं?"

"काही नाही. सोड."

"पण माश्या—"

"सोड म्हटलं ना."

१३
काचेला आतून कागद चिकटवलाय. मोठं, गोल अक्षर.

*पहाटे तिने पेटीला कान लावला. आत सामसूम.*

खाली बारीक: *आजोबा काल घरोघर फिरले. एकेकाला एकेक पान उतरवायला दिलं. मी फक्त पाककृती वाचते, पण हे जमलं.*

मी वायपर विसरलो.

"दाजी? अडकलात का?"

"थांब," मी म्हणालो. "वाचून दाखवतो."

१२
*तिने कोट काढला आणि पेटीला गुंडाळला.*

११
*वारा तिच्या हाडांत शिरला. ती चालत राहिली.* खाली: *मी रहस्यकथांचा शेवट आधी वाचतो. शेवटचं पान मागितलं, म्हातारा देईना.*

१०
डॉक्टर. एक अक्षर लागेल तर शपथ.

"काय लिहिलंय?"

"जेवणानंतर दोनदा."

९
*…मग ती पेटीशी बोलू लागली, थांबली तर झोप येईल म्हणून.*

८
नवरा लढायांची पुस्तकं वाचतो, बायको कविता. एकाच पानाचे दोन कागद. त्याचा: *अंतर चार कोस. दिवस दोन.* तिचा:

*चार कोस.*
*दोन दिवस.*
*एक ती.*

मी दोन्ही वाचून दाखवले. मग मेहुणा म्हणाला, "बायकोचा परत वाचा."

७, ६, ५
अक्षर दर मजल्याला बदलतंय आणि बाई तीच, घाट तोच. पाचव्यावरच्या माणसाला मी टीव्हीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. आज टीव्ही बंद. खोडून खोडून लिहिलंय: *तिला धूर दिसला. गाव.*

४
*कुणी दार उघडलं, तिला आठवत नाही.*

३
*जाग आली तेव्हा पेटी उन्हात ठेवलेली होती.*

२
*सगळं गाव लांब उभं. झाकण काढायला कुणी धजेना.*

१
दुसऱ्याच कुणाच्या घरात, खिडकीशी, आजोबा. हातात तेच पुस्तक, पान माझ्याकडे. त्यांचं बोट ओळीखालून सरकू लागलं.

"झाकण काढलं तिने," मी वर सांगितलं.

"मग?"

"काही नाही."

"म्हणजे मेल्या?"

बोट पुढच्या ओळीवर.

"एक आली बाहेर. तिच्या मनगटावर बसली."

"एकच?"

"थांब. दुसरी."

बोट सरकलं. "आता मोजता येत नाहीत," मी म्हणालो. आजोबांनी पुस्तक मिटलं आणि काचेवर पंजा टेकवला. मी माझा ओला पंजा बाहेरून टेकवला. तिथे डाग राहिला. राहू दिला.

०
पाय जमिनीला लागले. वर पाहिलं: मजल्यामजल्याला काचेला टेकलेली नाकं.

मग जिन्याच्या दारातून माणसं येऊ लागली. पाककृतीवाल्या बाई, डॉक्टर, पैलवान बाळासकट.

"कान लावल्यावर काय झालं हो?" पाककृतीवाल्या बाईंनी विचारलं. "मला तेवढंच पान मिळालं."

"आणि माझ्या पानाच्या आधी?" डॉक्टर म्हणाले.

सगळे आजोबांकडे वळले. ते धापा टाकत मागून येत होते.

"मला कशाला विचारता? सगळ्यांची पानं एकट्या यांनीच वाचलीत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. पट्टा अजून कमरेला, दोर अजून वर ताणलेला.

"दाजी," मेहुणा वॉकीटॉकीत म्हणाला, "मीपण ऐकतोय. बटण दाबून ठेवा."

मी बटण दाबून ठेवलं आणि पहिल्या खिडकीपासून सांगायला लागलो.