आडवा पडलेला मिशीवाला

नोकरी गेली त्या दिवशी तक्रारसाहेब घरी आले, बूट काढले आणि सोफ्यावर कुशीवर आडवे झाले ते महिनाभर उठलेच नाहीत. आता अगदीच उठले नाहीत असं नव्हे हो. जेवायला, आंघोळीला माणूस उठतोच. पण उठून पुन्हा तिथेच, त्याच कुशीवर, तोंड माशांच्या टाकीकडे. विमा कंपनीच्या तक्रार विभागात उभी हयात गेली, म्हणून सगळे त्यांना तक्रारसाहेबच म्हणायचे. चिडलेल्या माणसाला गोड बोलून गार करायचं, हे त्यांचं काम. ते कंपनीने यंत्राला देऊन टाकलं. यंत्र म्हणे कधी चिडत नाही. तक्रारसाहेब तरी कुठे चिडत होते! पण ही तक्रार करायची कुणाकडे? तक्रार विभागात आता माणूसच उरला नव्हता.

सोफा मेव्हण्याच्या दुकानातला. मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, अंगाने दांडगा आणि आवाजाने त्याहून दांडगा. दर रविवारी यायचा, आधी सोफ्याकडे बघायचा, मग सोफ्यावरच्या जावयाकडे. "स्पंज बसतोय," म्हणायचा. मग स्वयंपाकघरात जाऊन बहिणीच्या कानात कुजबुजायचा, आणि त्याची कुजबुज खालच्या मजल्यावर ऐकू जायची. "जावईबापू गेले कामातून. माझ्या दुकानात बसव त्यांना. गिऱ्हाइकाला सोफ्याच्या कापडाचे तुकडे दाखवायचे, बाकी काही नाही."

बायको हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. सोफ्याजवळच्या तिपाईवर ताट ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची.

मग एके दिवशी टाकीचा पंप बंद पडला आणि तक्रारसाहेब ताडकन उठले. माशांचा जीव कोंडतोय म्हटल्यावर कसली नोकरी नि कसलं दुःख! पंप खोलला, पुसला, चालू केला. उभे राहिलोच आहोत तर पाणीही बदललं. खालच्या शिंप्याने ते पाहिलं आणि म्हणाला, माझीही टाकी हिरवी झालीय, जरा बघता का? शिंप्याकडून चष्मेवाल्याकडे, चष्मेवाल्याकडून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. अशी ही हौस घराबाहेर पडली आणि कामाला लागली.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकांसमोर भलीमोठी टाकी होती. मासे बघताना माणूस दाढ विसरतो, असं बाईंचं मत. पण मासेच टिकत नव्हते. "महिनाभरात एकही मासा मेला नाही, तर माझ्या तिन्ही दवाखान्यांच्या टाक्या तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "मेला, तर नमस्कार."

तीन दवाखाने म्हणजे हौस नव्हे, चक्क पोटापाण्याचा धंदा. आणि ते हुकले तर सोमवारपासून कापडाचे तुकडे. असं घरात ठरलं होतं. म्हणजे मेव्हण्याने ठरवलं होतं.

तक्रारसाहेब जिवापाड राबले. फिल्टर साबणाने धुणाऱ्या शिपायाला हात जोडले. काचेवर टिचक्या मारणाऱ्या पेशंटांना इतक्या गोडीत समजावलं की तेच माफी मागू लागले. सगळ्यात जीव लावला तो टाकीतल्या मिशीवाल्या माशावर. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे, तोंडाखाली चार मिशा आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू आत्ताच कुणाची तरी खोडी काढून आलाय.

महिना भरायच्या दिवशी सकाळीच काउंटरवरच्या ताईंचा फोन आला. "अहो मासेवाले, तुमचा मिशीवाला गेला बरं का."

"गेला म्हणजे? कुठे गेला?"

"कुठे जाणार? वर!"

तक्रारसाहेब तसेच दवाखान्याकडे धावले. पोहोचले तेव्हा बाकांवर गाल धरून बसलेली सगळी माणसं मयताला आल्यासारखी टाकीकडे बघत होती. मिशीवाला तळाशी कुशीवर आडवा. डोकं लाकडाच्या ओंडक्याखाली, शेपूट बाहेर, हालचाल शून्य.

"झोपलाय," तक्रारसाहेब म्हणाले. "ही जातच अशी. आडवं पडून झोपतात. माझ्या घरचाही असाच झोपतो."

"आमचे आजोबाही असेच झोपले होते," एका सुजलेल्या गालातून आवाज आला.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत आला कोण? मेव्हणा! अक्कलदाढेने त्याचा गाल थोराड भोपळ्याएवढा झाला होता, आणि बहिणीने त्याला मनगटाला धरून आणलं होतं. सोडलं असतं तर पळून गेला असता. सोफ्याच्या दुकानातला वाघ दातांच्या सुईला लहानपणापासून टरकायचा. पण टाकीसमोरचा प्रकार कळला मात्र, आणि त्याच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

"मेलाय!" त्याने निकाल दिला. "जावईबापू, हात घाला आणि काढा बाहेर. आणि सोमवारी दुकानात वेळेवर या."

"झोपलाय, दादा."

"मग हलवून बघा ना!"

खरी गोम इथेच होती. पिशवीत जाळी होती. नुसता स्पर्श केला असता तर कळलं असतं. पण तक्रारसाहेबांचा हात पुढे होईना. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांनाही सोडत नाही. म्हणून बादलीत आधी उताऱ्याचे थेंब टाकायचे असतात. काल शेवटच्या बादलीत टाकले होते का? काही केल्या आठवेना. काल हात बादलीत होते आणि डोकं तीन दवाखान्यांत. बाकीचे मासे मजेत फिरत होते खरे, पण पाणी बाधलं तर पहिला जातो तो हाच, नाजूक कातडीचा. तक्रारसाहेब घाबरले होते, साफ घाबरले होते. जोवर हलवत नाही तोवर तो झोपलेला होता.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काय ते एकदा नक्की करा. आणि पुढचा पेशंट कोण?"

पुढचा पेशंट मेव्हणाच होता. पण तो कसला जातोय! "आधी ह्याचा निकाल लागू द्या," तो म्हणाला. "हा मासा उठला तर जावईबापूंच्या बादल्या मी उचलीन. भर रस्त्यातून. सगळ्यांसमोर सांगतो. ताई, द्या इकडे ती पेन्सिल, मीच ढोसतो."

"दादा, हात लावायचा नाही," बायको म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, पण मेव्हण्याचा हात हवेतच राहिला. ती टाकीजवळ आली. मिशीवाल्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"असं पडलेलं मी महिनाभर बघितलंय," ती म्हणाली. "अशाच कुशीवर. तेव्हाही दादा म्हणाला होता, गेले कामातून. मी एकदा तरी हलवलं का? ह्या जातीला ढोसायचं नसतं. ताट जवळ ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं."

दवाखान्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. काउंटरवरच्या ताईंनी तोंडाला रुमाल लावला. तक्रारसाहेबांचे कान लाल झाले, पण हात मात्र एकदाचा पिशवीत गेला. जाळी बाजूला सारून त्यांनी खाण्याची गोळी काढली आणि ओंडक्याजवळ अलगद सोडली.

गोळी तळाला टेकली. काही झालं नाही.

"चला, जेवण वाया गेलं," मेव्हणा म्हणाला.

"आणि तुम्ही चला आत," असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्याची बाही धरली आणि दार लावून घेतलं. बाहेर सगळ्यांचे डोळे टाकीवर. टाकीत बुडबुडे. तक्रारसाहेबांनी डोळे मिटून घेतले. चिडलेल्या माणसांना इतकी वर्षं ते एकच वाक्य सांगत आले होते, थोडा धीर धरा. ते किती फालतू वाक्य आहे हे त्यांना आज कळलं.

टक.

इवलासा आवाज, बोट मोडल्यासारखा. पुन्हा टक. ही जात खाताना खुशीत आली की असा आवाज काढते. तक्रारसाहेबांनी डोळे उघडले तेव्हा ओंडक्याखालून चार मिशा बाहेर आल्या होत्या, आणि मागोमाग तोच चेहरा, आत्ताच खोडी काढून आलेला.

"उठला!" बाकावरची सगळी दुखरी तोंडं एकदम ओरडली. आणि नेमक्या त्याच क्षणी आतून मेव्हण्याने अशी किंकाळी फोडली, की मिशीवाला गोळी टाकून पुन्हा ओंडक्याखाली पळाला.

दुपारी तिघं घरी निघाले. सर्वात पुढे मेव्हणा, तोंडात कापूस, दोन्ही हातांत बादल्या. दाढ गेली होती, जीभ बधिर होती, त्यामुळे निषेधाचे शब्द निम्मेच बाहेर पडत होते आणि ओळखीचा दुकानदार दिसला की तो बादल्यांआड तोंड लपवत होता. तीन दवाखान्यांच्या टाक्यांचं पक्कं करून डॉक्टरीणबाईंनी वर बजावलं होतं, की सोमवारी जाल तिथे ह्या मेव्हण्यांनाही न्या, ओरडणं चांगलं आहे, मासे जागे राहतात.

तक्रारसाहेब बायकोच्या बरोबरीने चालत होते. न राहवून त्यांनी विचारलंच. "अगं, तुला एवढी खात्री कशी होती, की तो झोपलाय?"

"छे हो. मला माशांतलं काय कळतंय? मला तर वाटलं, मेलाच."

"काय? मग एवढं सगळं बोललीस ते?"

"तुमच्या बाबतीतही कधीकधी तसंच वाटायचं," ती म्हणाली. "तरी ताट ठेवतच होते ना?"

पुढे मेव्हण्याच्या हातातली बादली हिंदकळली आणि पाणी थेट त्याच्या बुटात गेलं. तक्रारसाहेब पळत गेले आणि एक बादली त्याच्या हातातून आपल्याकडे घेतली.