नंदिनीबाईंच्या नावाची पाटी

मी एक पाटी बोलतेय. दुकानावरची, सागवानी. शाळेत काही गेले नाही हो. अंगावर कोरलेले चार शब्द तेवढे वाचता येतात: 'नंदिनीबाई यांची कापूस वखार'.

जन्म खानदेशातला, इंग्रजी अमलातला. विष्णुपंत मामलेदारांनी मला करवून घेतलं. सरकारचा हुकूम होता, सरकारी नोकरानं व्यापार करायचा नाही. स्वतःच्या नावानं नाही, बायकोच्याही नाही. पंत हुशार! म्हणाले, "कोण विचारतंय?" आणि बायकोचं नाव माझ्यावर कोरलं. तिनं बिचारीनं वखारीचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं.

एक दिवस कलेक्टरसाहेब थेट घरी आला. "बाई, तुमच्या वखारीत कापूस किती?"

दाराआडून बाई म्हणाल्या, "वातींपुरता असेल. देवघरात बघून सांगते."

झालं! पंतांची नोकरी गेली, वखार गेली. मला उतरवून स्वयंपाकघरात फळी केलं. अंगावर कागद अंथरला, वर डबे. अक्षरं काळवंडली. चार पिढ्या गेल्या, मी पाटी होते हे सगळे विसरले.

पाचव्या पिढीतली पोर कादंबरी, लग्नानंतर मला जर्मनीत घेऊन आली. "सागवान आहे, तिकडे मिळायचं नाही." २००५ साल, हायडेलबर्ग. पोरगी युनिव्हर्सिटीत नोकरीला, तिथेच पीएचडी. विषय काय, तर इंग्रजांचे सरकारी नोकर आणि त्यांचे चोरटे धंदे! मी डब्यांखाली खुदुखुदु हसायची.

तिची भाजणी लई फक्कड. स्टुटगार्टचा एक दुकानदार दर महिन्याला मागायला लागला.

"पण मी युनिव्हर्सिटीची नोकर," कादंबरी नवऱ्याला म्हणाली. "जोडधंद्याला त्यांची परवानगी लागते. नाही मिळाली तर? त्यापेक्षा सिद्धेश, धंदा तुझ्या नावावर दाखवू."

"अगं, मला भाजणी आणि बेसन यातला फरक कळत नाही!"

"कोण विचारतंय?"

अगं बाई! तेच शब्द! कळलं तर नोकरी जाणार, पीएचडी जाणार. सिद्धेशनं धंद्याच्या नोंदणीवर सहीला पेन उघडलं.

खोटं नाही बोलणार, खिळा आधीच सैल होता. मी फक्त धरून ठेवायचं सोडलं.

धडाम! कागद फाटला, डबा उपडा झाला, भाजणी माझ्या अंगभर. कादंबरीनं हातानं पुसली, तर पीठ अक्षरांत बसलेलं. काळ्यावर पिवळसर, लख्ख. तिनं मोठ्यानं वाचलं.

"अरे, ही तर माझी खापरपणजी! हिच्याच नावावर चोरून धंदा केला म्हणून खापरपणजोबांची नोकरी गेली, आजी सांगायची!"

सिद्धेश म्हणाला, "तिला निदान कापूस ओळखता येत होता."

दोघं पोट धरून हसली. मग कादंबरीनं परवानगीसाठी युनिव्हर्सिटीकडे स्वतःच्या नावानं अर्ज भरला. सहा आठवडे पोरीला घास गोड लागला नाही. शेवटी पत्र आलं. आठवड्याला चार तास, खुशाल करा!

आता मी भिंतीवर आहे, तोंड पुढे करून. तेवढं मात्र ऐका माझं. कुणाच्या नावाआड लपायचं असेल, तर आधी त्या माणसाला विचारा तरी. आणि माझ्यावर परत कागद अंथरू नका.

खिळा अजून माझ्याच हातात आहे.