उजेडात बघून घेतलेलं

आमच्या बोरी गावात माझ्या नवऱ्याला अजूनही वायरमन समजतात. रुद्रेश दोन दिवसांसाठी घरी आला की कुणी मोटार दाखवायला आणतं, कुणी बंद पडलेला पंखा. तो रॉक बँडच्या कार्यक्रमांचं लाइटिंग करतो, कुठल्या गाण्याला कुठला रंग, कुठून आणि किती हे तो ठरवतो, असं मी चारचौघींत सांगून पाहिलं. "म्हंजे दिवेच लावतो की," म्हणून त्या हसल्या. मीही हसले. त्यानं संसारात काय दिवे लावलेत, ते मलाच ठाऊक होतं.

उजेडाचं हे वेड त्याला लागलं ते आमच्याच कापडाच्या दुकानात. माझ्या सासऱ्यांना, बसवराज आप्पांना, ट्यूबलाइटचा भारी राग. "ट्यूब खोटं बोलती," म्हणतात. गिऱ्हाइकाला साडी आवडली की ती उंबऱ्याबाहेर नेऊन उन्हात दाखवायची, मगच बांधायची. आणि एकदा उजेडात बघून घेतलेलं कापड माघारी घ्यायचं नाही, हा दुकानाचा कायदा.

मी ताडकळसची. मावशी बोरीला दिलेली, तिच्यासोबत त्या दुकानात गेले तेव्हा हळदी रंगाची साडी माझ्या खांद्यावर टाकून रुद्रेशनंच मला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. तो साडीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. पुढं मावशीनं स्थळ सुचवलं. हा म्हणे, कामात जम बसू दे, थोडं थांबू. आप्पांनी एका वाक्यात निकाल लावला. "दारात उजेडात बघितलीस न्हवं? मग आता माघारी न्हाई."

लग्न झालं आणि तो पुण्याला गेला तो गेलाच. "सीझन संपू दे, मग तुला नेतो." सीझन संपला की दौरा, दौरा संपला की नवा बँड. मी इकडे दुकानात साड्यांच्या घड्या घालतेय. व्हिडिओ कॉल करतो, तोही स्टेजच्या मागून, अंधारातून. जगावर उजेड पाडणाऱ्या माणसाचं तोंड मला तेवढं दिसत नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी उंबऱ्याबाहेर त्याच जागी जाऊन उभी राहते. मला तो हवा असतो, बस. रुसून झालं, भांडून झालं, फोन न उचलून झालं. तो हवासा वाटायचा काही थांबला नाही. आप्पा गादीवरून बघत असतील. शेवटी या जानेवारीत त्यांनीच परभणीहून रेल्वेचं तिकीट काढून दिलं. "जा, एकदा तोंडावर इचार. तुला न्हेतो का इकडं येतो, काय ते."

मी पुण्यात त्याच्या कार्यक्रमाच्या हॉलवर पोचले तेव्हा दुपार होती, पण हॉल चहूबाजूंनी बंद, आत काळोख. मला बघून रुद्रेशचा चेहरा फुलला. "तू? अगं, सांगायचं न्हाई का!" हे म्हणतानाच त्याचं लक्ष स्टेजकडे गेलं. गायिका वाटेत ट्रॅफिकमधे अडकली होती आणि तिच्यावरचा उजेड अजून लावायचा राहिला होता. त्यासाठी तिच्या जागेवर कुणाला तरी उभं राहावं लागतं.

"तुझी उंची तिच्याएवढीच हाय," तो म्हणाला. "जरा उभी राहतीस का?"

मी एवढ्या लांबून विचारायला काय आले होते आणि झाले काय, तर दुकानातला पुतळा. चिकटपट्टीच्या खुणेवर जाऊन उभी राहिले. तो लांब हॉलच्या टोकाला आपल्या यंत्रापाशी गेला आणि दिवे लागले. डोळ्यांपुढे नुसती पांढरी भिंत. "मान वर. जरा डावीकडं. हां, हालू नको." आवाज सगळीकडून येत होता आणि तो कुठंच दिसत नव्हता.

मग पांढरा उजेड हळूहळू पिवळा झाला. हळदीसारखा. अंगावर दुकानाबाहेरचं ऊन पडल्यासारखं वाटलं. तो माझ्याकडे बघत होता. इतका वेळ, इतकं निरखून त्यानं दुकानाबाहेरच्या त्या दिवसानंतर मला कधी बघितलं नव्हतं. आणि हे बघणं होतं दुसरीच्या चेहऱ्यासाठी. राग आणि रडू एकदमच आलं.

"झालं का बघून?" मी म्हणाले.

समोर गायिकेचा माइक होता आणि तो चालू होता, हे मला काय ठाऊक! माझा आवाज अख्ख्या हॉलभर घुमला. शिडीवरचा माणूससुद्धा काम थांबवून वळला. आता लाजून काय उपयोग?

"उजेडात बघून घेतलेलं माघारी देत न्हाईत आपल्यात," मी म्हणाले. "आन् तुमी मला घेऊन दुकानातच ठिवलंय. मला न्हेता का तुमी येता, आज सांगा."

आता सीझनचं नाव येणार, म्हणून मी दात आवळून उभी राहिले. ते काही आलं नाही. पायऱ्यांवर पावलं वाजली. आधी चपला दिसल्या, मग तो दिसला. माझ्याशेजारी त्या खुणेवर येऊन उभा राहिला आणि डोळ्यांवर आडवा हात धरून समोर बघू लागला. आजवर किती जणांना त्यानं असं उभं केलं असेल, पण स्वतः कधी तिथे उभा राहिला नव्हता.

"त्रिवेणी, इथून तर काईच दिसत न्हाई गं," तो म्हणाला. "मी कुठं बसतो, तेबी कळत न्हाई."

"बोरीतून तरी कुठं कळतंय?" मी म्हणाले.

तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडलं की गायिका आली, जागा मोकळी करा. तो खुणेवरून हलला नाही.