आत्याची टाच

वॉर्डात मला सगळ्या सिस्टर ‘पुस्तक’ म्हणतात. हे नाव मोठ्या सिस्टरांनी ठेवलं, मी प्रशिक्षणाहून परत आले त्याच दिवशी. झोपून असलेल्या पेशंटची टाच लाल झाली की ती चोळायची नाही, चोळल्याने आतून आणखी दुखावते; पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवायची, एवढंच मी मीटिंगमध्ये सांगितलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अख्खी नोकरी त्यांनी स्पिरिट आणि पावडर लावून टाचा चोळल्या, आता हे पुस्तक त्यांना शिकवणार. सगळ्या हसल्या. मीही हसले. रोज त्यांच्याच बरोबर काम करायचं होतं ना!

बरं, उशा तरी कुठे होत्या? डोक्याखाली एक मिळाली तरी नशीब. त्यात मोठ्या डॉक्टरांचा राउंड. त्यांना पेशंट सरळ उताणे हवेत, चादर ताणलेली हवी. जास्तीची उशी दिसली की हा वॉर्ड आहे की दिवाणखाना, असं विचारायचे. म्हणून राउंडआधी साफसफाईच्या मावशी उशा गोळा करून कपाटात कोंबायच्या. राउंडला उशीर ठरलेला, आणि नंतर कपाट उघडायची आठवण कोणाला राहते?

मग माझी आत्या न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडून आमच्याच वॉर्डात आली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. ऑपरेशन नीट झालं. तिचा हट्ट एकच होता, घरात शिरेन तर स्वतःच्या पायांनी. मी घरून फुलाफुलांच्या अभ्र्याची उशी आणून तिच्या पोटरीखाली घातली आणि सगळ्यांना बजावलं, ही काढू नका. सगळ्यांनी मान डोलावली.

ती माझी आत्या आहे हे कळल्यावर वॉर्डाने तिला डोक्यावर घेतलं. मोठ्या सिस्टर स्वतः बाटली घेऊन आल्या आणि तिच्या पायाशी बसल्या. टाच जरा लाल दिसत होती. मी म्हटलं, “सिस्टर, नका चोळू.”

“अगं, तुझी ती माझीही कोणी लागते की नाही? तू दमलीयस. जा, चहा घे.”

इतक्या मायेने त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. आत्या सुखाने डोळे मिटून पडली होती. मी खरंच चहा प्यायला गेले. त्या चहाची चव अजून तोंडात कडू आहे.

साप्ताहिक सुट्टीनंतर आले तेव्हा टाचेवर फोड आला होता, काळपट, पाण्याने टरारलेला. फुलांची उशी कपाटात होती.

“मोठ्या बाई दिवसातून दोनदा चोळून देतात,” आत्या कौतुकाने म्हणाली. “तुझ्यामुळे गं माझी एवढी बडदास्त.”

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पाय पाहिला आणि सांगितलं, या टाचेवर भार द्यायचा नाही. उभं राहायचं जखम भरल्यावर. आत्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मोठ्या सिस्टर पांढऱ्याफटक पडल्या. एवढं चोळूनही असं कसं झालं, हेच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि ओरडावं तर त्यांचे डोळे भरलेले.

दुसऱ्या दिवशी उशी मीच घातली आणि राउंडला पलंगाशी उभी राहिले. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी तोंड उघडायच्या आत मोठ्या सिस्टर पुढे झाल्या.

“राहू द्या, सर. आपल्या सिस्टरची आत्या आहे.”

“असं होय,” डॉक्टर हसले आणि पुढे गेले. टाच कोणी पाहिली नाही, उशी का ठेवली हेही कोणी विचारलं नाही. मोठ्या सिस्टरांनी माझा खांदा थोपटला. मी जिंकले असं त्यांना वाटलं असावं.

शेजारच्या पलंगावरच्या आजींचं इथे कोणीच नव्हतं. त्या सरळ उताण्या होत्या, चादर ताणलेली. राउंड पुढे सरकल्यावर मी पायाकडची चादर उचलली. टाच लालभडक होती. अंगठ्याने दाबून पाहिली तरी लाली हटेना, आणि माझ्या अंगठ्याला ताजी पावडर लागली.