तानाबाईची झोप

कृष्णातच्या आईला, तानाबाईला, घरात झोप म्हणून येत नसे. नवरा गेल्यापासून रात्ररात्र टक्क जागी. गोळ्या झाल्या, तेलं झाली, उतारेही झाले. पण कृष्णातनं जुनी गाडी घेतली आणि काय नवल! रंकाळा तलावाला एक चक्कर होईतो म्हातारी मागच्या सीटवर गाढ. मग रोज आईला फिरवायचं, हा त्याचा नेमच झाला. तंबाखूच्या पिचकाऱ्यांसाठी त्याची स्वतःची काच सदा उघडी, आईला वारं बाधू नये म्हणून तिची बंद. "गाडी न्हवं, पाळणा हाय की!" असं तो गल्लीभर सांगत सुटायचा.

पाळण्याला खोड एकच. इंजिनाचा पिवळा दिवा विझत नव्हता आणि पेट्रोल पाण्यासारखं जात होतं. सायलेन्सरच्या पाईपातला ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला, तरी दिवा हट्टाला पेटलेला. शेवटी त्यानं उद्यमनगरात बाहुबली मिस्त्रीचं गॅरेज गाठलं. आई मागं झोपलेली. ऊन मी म्हणत होतं, म्हणून उतरताना त्यानं सगळ्या काचा लावल्या आणि इंजिन, एसी चालूच ठेवला.

बाहुबलीनं बॉनेट उघडून रबरी नळीचं एक टोक पाईपाजवळ धरलं आणि दुसरं कानाला लावलं.

"सेन्सर बरोबर हाय, पावणं. त्याच्या आधी पाईपला चीर गेलीया. तिथनं हवा आत शिरती. सेन्सरला वाटतंय पेट्रोल कमी पडतंय, म्हणून कॉम्प्युटर आणखी वततोय."

"एवढंच व्हय! जोडून टाका की," कृष्णात हसला.

बाहुबली हसला नाही. त्यानं पुढच्या काचेखालच्या जाळीवर बोट ठेवलं. "त्याच चिरेतनं धूर भाईर येतोय, आणि एसी ह्या जाळीतनं हवा वढतोय. जादा पेट्रोलचा इखारी गॅस, त्याला वासबी न्हाय. गाडीत कुणाला गुंगी येती का?"

"छे! उलट आमची आई तर गाडीत..."

कृष्णातनं धावत जाऊन मागचं दार हिसका देऊन उघडलं. आईचे गाल लालबुंद होते. गाडीत बसली की कशी टवटवीत दिसते, असं तो आजवर कौतुकानं म्हणायचा! "आये! आये!" हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या, तरी म्हातारी हूं की चूं करेना. दोघांनी तिला उचलून रिक्षात घातलं.

दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठं संध्याकाळी तिनं डोळे उघडले. कृष्णात पायाशी बसून होता. आपण रोज मायेनं आईला विष पाजत होतो, हे काही केल्या त्याच्या गळी उतरत नव्हतं. तानाबाईनं मास्क बाजूला सारून त्याचा हात धरला.

"किती गाढ झोपलते रं," ती म्हणाली. "उद्याबी फिरवशील न्हवं?"